घरच्या घरी हायड्रॉलिक ब्रेक ब्लीड करण्यासाठी कोणती हत्यारे घ्यावीत?

प्रश्न – यवतेश्वर_चढ (सातारा)

नमस्कार. आमच्या घरात डिस्क ब्रेकच्या दोन सायकली आहेत. माझ्या हायब्रिड सायकलीला शिमानोचे एमटी २०० ब्रेक आहेत आणि धाकट्या भावाच्या माउंटन बाइकला स्रॅमचे लेव्हल ब्रेक आहेत. पावसाळा संपल्यापासून माझ्या मागच्या ब्रेकचा लिव्हर मऊ लागतो. पहिल्यांदा दाबला की तो जवळजवळ मुठीला टेकतो आणि लागोपाठ तीन-चार वेळा दाबल्यावर पुन्हा कडक होतो. कासहून यवतेश्वरच्या घाटाने साताऱ्यात उतरायचे असेल, तर असा ब्रेक घेऊन जाण्याची माझी तयारी नाही. गावातले सायकल दुरुस्तीवाले केबलचे ब्रेक उत्तम बसवतात, पण तेलाच्या ब्रेकला हात लावायला ते तयार नसतात, आणि प्रत्येक वेळी सायकल गाडीत घालून पुण्याला नेणे परवडत नाही. म्हणून ब्लीड करण्याचे, म्हणजे ब्रेकच्या तेलात शिरलेली हवा काढण्याचे, काम घरीच शिकून घ्यावे असे ठरवले आहे.

अडचण अशी की, ऑनलाइन पाहिले तर ‘सर्व ब्रेकसाठी एकच किट’ म्हणून वीस-पंचवीस तुकड्यांचे डबे विकायला आहेत, आणि कंपन्यांची अधिकृत हत्यारे त्यांच्या कितीतरी पट महाग आहेत. असा डबा घ्यावा, की लागतील तेवढ्याच वस्तू सुट्या जमवाव्यात? एकच संच दोन्ही सायकलींना चालेल का? टॉर्क पाना, म्हणजे ठरावीक जोरापर्यंतच आवळता येणारा पाना, घेणे खरोखर गरजेचे आहे का? आणखी एक शंका तेलाची आहे. स्कूटरचे ब्रेक ऑइल कोपऱ्यावरच्या स्पेअर पार्टच्या दुकानात मिळते आणि औषधांच्या दुकानात लिक्विड पॅराफिनही मिळते. ते खनिज तेलच असल्याचे वाचले आहे. यांपैकी काही चालण्यासारखे आहे का? ज्यांनी हे काम स्वतः केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.


उत्तर – आटे_आणि_नट (पुणे)

दाबत राहिल्यावर कडक होणारा लिव्हर म्हणजे बहुतेक वेळा नळीत शिरलेली हवाच असते, त्यामुळे तुमचे निदान मला बरोबर वाटते. तरीही काही विकत घेण्याआधी चाक काढून ब्रेकपॅड किती उरले आहेत ते पाहा. पॅड झिजले की त्यांना ढकलणारे पिस्टन तेवढे पुढे सरकतात आणि लिव्हरजवळच्या छोट्या टाकीतले तेल खाली उतरते. पावसाळ्यात चिखलाने पॅड किती लवकर खलास होतात हे तुम्हाला माहीत असेलच. चाक काढलेले असताना लिव्हर मात्र चुकूनही दाबू नका, नाहीतर पिस्टन बाहेर येतील आणि ते मागे ढकलण्याचे एक काम वाढेल.

आता हत्यारांविषयी. एकच संच दोन्ही सायकलींना चालणार नाही. शिमानोच्या ब्रेकमध्ये मिनरल ऑइल असते आणि लेव्हलमध्ये डॉट ५.१ जातीचे, गाड्यांत असते तसले, ब्रेक ऑइल असते. या दोन्हींचा एकमेकांशी थेंबाचाही संबंध येता कामा नये, म्हणजे सिरिंज, नळी आणि चिंध्यासुद्धा वेगळ्या ठेवायच्या. पार्क टूलसारखी कंपनी मिनरल ऑइलसाठी एक आणि डॉटसाठी दुसरा असे दोन स्वतंत्र संच विकते, ते याच कारणाने. मी फक्त शिमानोबद्दल लिहितो, कारण हात त्यावरच बसला आहे.

शिमानोच्या कामात एकच वस्तू अशी आहे की जिच्यात जुगाड करू नये, आणि ती म्हणजे लिव्हरवर बसणारे नरसाळे. लिव्हरच्या टाकीवर एक बारीक स्क्रू असतो, तो अडीच मिलीमीटरच्या एलन-कीने काढला की त्याच जागी हे नरसाळे आट्यांवर फिरवून बसते. त्यात तेल भरून ठेवले की टाकीच्या वर सतत तेलाचा साठा राहतो. खालून बुडबुडा वर आला की तो त्या साठ्यातून बाहेर पडतो आणि त्याची जागा हवा न घेता तेल घेते. नरसाळ्याशिवाय हेच काम करायला गेलात तर लिव्हर दाबताना तेल बाहेर उसळते आणि सोडताना हवा आत ओढली जाते, म्हणजे जेवढी हवा काढली तेवढीच परत भरली. नरसाळ्यासोबत एक लांब दांड्याचे बूचही येते. शेवटी ते खाली दाबून बसवले की साठ्यातले तेल न सांडता नरसाळे उतरवता येते. सरळ हँडलच्या शिमानो लिव्हरना सहसा ५ मिलीमीटरचे आटे असतात; ड्रॉप हँडलच्या अलीकडच्या लिव्हरना मात्र मध्ये वेगळा अडॅप्टर लावावा लागतो.

बाकीच्या वस्तू साध्या आहेत. खाली चाकाजवळच्या कॅलिपरमध्ये (पॅड आणि पिस्टन बसवलेल्या भागात) तेल ढकलण्यासाठी एक सिरिंज आणि तिला जोडलेली पारदर्शक नळी लागते. नळी पारदर्शकच हवी, कारण बुडबुडे दिसले नाहीत तर काम संपले की नाही हे कळत नाही. कॅलिपरचे निपल, म्हणजे तेल आत-बाहेर जाण्याचे पोकळ तोंड, उघडण्यासाठी बहुधा ७ आणि काही जुन्या कॅलिपरना ८ मिलीमीटरचा पाना लागतो. आपल्याकडच्या दुतोंडी पान्यांच्या संचात ६-७ चा पाना बहुधा असतोच, पण शक्य असल्यास रिंग पाना घ्या, कारण उघड्या तोंडाचा पाना निसटला तर निपलचे कोपरे गोल होतात. रिंग पाना आधी निपलवर चढवायचा आणि मग त्यावर नळी बसवायची हा क्रम तेवढा लक्षात ठेवा. पॅड काढून पिस्टन पूर्ण मागे ढकलल्यावर त्यांच्या मध्ये घालायला एक ठोकळा लागतो. शिमानोचा पिवळ्या प्लॅस्टिकचा असतो आणि तो नसेल तर १० मिलीमीटरची एलन-की आडवी घालूनही बऱ्याच कॅलिपरचे काम भागते. याशिवाय आयसोप्रोपिल अल्कोहोल, भरपूर स्वच्छ चिंध्या, हातमोजे आणि एक-दोन रबर बँड जवळ ठेवा.

टॉर्क पान्याबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. निपल ४ ते ६ न्यूटन मीटर इतकेच आवळायचे असते आणि लिव्हरवरचा स्क्रू तर जेमतेम अर्ध्या न्यूटन मीटरला बसतो. सायकलीसाठी मिळणाऱ्या बहुतेक टॉर्क पान्यांचे माप २ किंवा ५ न्यूटन मीटरपासून सुरू होते, त्यामुळे ज्या स्क्रूचे आटे सर्वांत सहज जातात, त्याच्यासाठी तो पाना निरुपयोगी ठरतो. तिथे एलन-की तिच्या लांब दांड्याऐवजी आखूड टोकाजवळ दोन बोटांत धरायची आणि रबरी वायसर टेकल्याचे जाणवताच थांबायचे. निपल पोकळ असते आणि जास्त जोर लावला तर तुटते, म्हणून तिथेही आखूड पाना बरा.

हत्यारे कोणत्या क्रमाने वापरात येतात हे कळले म्हणजे काय घ्यावे तेही आपोआप कळेल. लिव्हर आडवा करून नरसाळे बसवायचे. खालून सिरिंजने तेल सावकाश ढकलायचे, म्हणजे नळीतली हवा आणि जुने काळपट तेल नरसाळ्यात वर येते. वर येणारे तेल स्वच्छ झाले की निपल बंद करून सिरिंज काढायची, तिच्या जागी नळीचा तुकडा लावून त्याचे दुसरे टोक बाटलीत सोडायचे आणि निपल उघडून वरचे तेल आपल्या वजनाने खाली उतरू द्यायचे. नरसाळे या वेळी रिकामे होऊ द्यायचे नाही. मग लिव्हर दाबून धरलेला असताना निपल क्षणभर उघडून लगेच बंद करायचे, असे दोन-तीनदा केले की कॅलिपरमध्ये अडकलेले बुडबुडे निघतात. शेवटी निपल आवळून लिव्हर हलकेच दाबत-सोडत राहायचे, तो आडव्या स्थितीपासून साधारण ३० अंश एकदा एका बाजूला आणि एकदा दुसऱ्या बाजूला कलवायचा आणि ब्रेकच्या नळीवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने टिचक्या मारायच्या. नरसाळ्यात बुडबुडे येणे थांबले आणि लिव्हर कडक लागला की काम झाले.


उत्तर – लाल_माती (मडगाव)

वरचे उत्तर मला मान्य आहे, पण ‘जुगाड फक्त नरसाळ्यात नको’ हे विधान मी थोडे आणखी ताणेन. जुगाड नळीच्या बसण्यातही नको. मत्स्यालयाच्या पंपाची पारदर्शक नळी स्वस्त असते आणि अनेक जण ती वापरतात. मात्र ती निपलवर ताणून चढवावी लागेल इतकी घट्ट असली पाहिजे. सैल नळी सिरिंज मागे ओढताना बाजूने हवा घेते आणि सिरिंजमध्ये बुडबुडे दिसत राहतात. ते ब्रेकमधून येत आहेत असे समजून माणूस तासभर तेल ढकलत बसतो. शंका आली तर निपल पूर्ण बंद ठेवून सिरिंज हलकेच मागे ओढून पाहावी. तरीही बुडबुडे आले तर दोष नळीच्या सांध्याचा आहे.

औषधांच्या दुकानातली सिरिंज मिनरल ऑइलसाठी चालते, पण तिच्या दट्ट्याचे रबर या तेलाने फुगते आणि पुढच्या वेळी दट्टा नळकांड्यात अडकून झटक्याने सुटतो. झटका बसला की निपलवरची नळी निघते आणि तेल सगळ्यात आधी डिस्कवर उडते. म्हणून अशी सिरिंज एकदा वापरून टाकून द्यावी. घ्यायची तर निदान २० मिलीलीटरची घ्यावी, कारण लहान सिरिंज पुन्हा पुन्हा भरताना प्रत्येक वेळी नळी काढावी लागते.

तुम्ही विचारलेल्या पंचवीस तुकड्यांच्या डब्यातले बहुतेक अडॅप्टर आयुष्यात कधी लागत नाहीत. त्यातल्या नरसाळ्याचे आटे नवीन असतानाच नीट पाहून घ्यावेत आणि तळाशी रबरी वायसर आहे ना याची खात्री करावी. प्लॅस्टिकचे आटे आधीच पिळलेले असतील तर ते लिव्हरच्या आट्यांत तिरके बसतात. नरसाळे गेले तर दुसरे आणता येते, पण लिव्हरचे आटे गेले तर लिव्हरच बदलावा लागतो. ज्याच्याकडे फक्त शिमानोचे ब्रेक आहेत त्याने नरसाळे आणि १०० मिलीलीटर तेलाची बाटली अधिकृत घ्यावी आणि बाकी सगळे बाजारातून जमवावे, असे माझे मत आहे. एवढ्या तेलात एका सायकलीचे दोन्ही ब्रेक आरामात होतात.

लिक्विड पॅराफिन मात्र वापरू नका. ते खनिज तेल आहे हे खरे, पण त्याचा दाटपणा ब्रेकच्या तेलाशी जुळत नाही आणि ब्रेकच्या तेलात गंज रोखण्यासाठी जी द्रव्ये मिसळलेली असतात तीही त्यात नसतात. शिवणयंत्राच्या तेलालाही हेच लागू आहे. आमच्याकडच्या पावसात एक वेगळी गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. मिनरल ऑइल पाणी शोषत नाही, त्यामुळे आत शिरलेले पाणी तेलात न मिसळता सर्वांत खालच्या जागी, म्हणजे कॅलिपरमध्ये, जाऊन बसते. लांब उतारावर कॅलिपर तापला की ते १०० अंशांवर उकळते, त्याची वाफ होते, आणि लिव्हर ऐन उतारावर हातात मऊ पडतो. मिनरल ऑइल खराब होत नाही म्हणून वर्षानुवर्षे बदलायचे नाही, हा समज किनारपट्टीवर तरी सोडून द्यावा.


उत्तर – जुने_गॅरेज (नाशिक)

भावाच्या स्रॅमविषयी आणि स्कूटरच्या तेलाविषयी लिहितो, कारण माझा मूळ धंदा मोटारसायकलींचा आहे.

स्कूटरचे डॉट तेल शिमानोत घालू नका, कितीही थोडे असले तरी. डॉटच्या ब्रेकमधली रबरे ईपीडीएम जातीची असतात आणि मिनरल ऑइलच्या ब्रेकमध्ये सहसा नायट्राइलची असतात. एकाचे तेल दुसऱ्यात गेले की सील फुगते किंवा निकामी होते, पिस्टन अडकतो, आणि सायकलच्या स्वस्त ब्रेकमध्ये सील सुटे मिळत नसल्यामुळे पूर्ण कॅलिपर आणि लिव्हर बदलण्यावाचून इलाज उरत नाही.

स्रॅम लेव्हलसाठी मात्र गाड्यांच्या दुकानातले डॉट ५.१ चालते. त्याचा उकळबिंदू नवे असताना किमान २६० अंश आणि पाणी शोषल्यावर किमान १८० अंश असावा असा नियम आहे; डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. रसायन एकाच कुळातले असल्याने अडचणीच्या वेळी सीलबंद डॉट ४ वापरले तरी रबराला धोका नसतो. फक्त नावात साम्य असलेले डॉट ५ घेऊ नका. ते सिलिकोनचे असते आणि या दोन्हींशी जुळत नाही. फोडलेली बाटली महिनोन्‌महिने कपाटात ठेवून पुन्हा वापरू नये, कारण हे तेल हवेतला दमट अंश शोषत राहते. लहान बाटली घ्या आणि उरलेले तेल मोटारसायकलवाल्याला देऊन टाका. सायकलीच्या रंगावर हे तेल सांडले तर रंग सुटतो, म्हणून फ्रेमवर ओली चिंधी टाकून काम करावे आणि थेंब पडताच भरपूर पाण्याने धुवावे. हातमोजे आणि चष्मा इथे ऐच्छिक नाहीत.

स्रॅमला नरसाळे लागत नाही, दोन सिरिंज लागतात, एक लिव्हरला आणि एक कॅलिपरला. लिव्हरवरचा स्क्रू टॉर्क्स टी १० चा, म्हणजे चांदणीच्या आकाराच्या खाचेचा, असतो. एलन-की कोंबून तो फिरवण्याचा मोह झाला तर आवरावा, कारण त्याचे डोके पटकन गोल होते. कॅलिपरकडे मात्र नीट पाहून मग खरेदी करा. काही मॉडेलांना तिथेही आट्यांचे साधे भोक असते, तर काहींना ‘ब्लीडिंग एज’ नावाची जोडणी असते. तिच्यासाठी खास टोक लागते आणि ते ४ मिलीमीटरच्या एलन-कीच्या खाचेत बसते. हे टोक नसेल तर दुसऱ्या कशानेही काम भागत नाही. सिरिंजच्या नळीवर चिमटा असलेला बरा. तो बंद करून दट्टा मागे ओढला की तेलात विरघळलेली हवा बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर येते, आणि ब्रेकमध्ये तेल सोडण्याआधी हे करून घेतल्यास पुढचे निम्मे काम वाचते.

आमच्या गॅरेजातली रीत, म्हणजे एकाने लिव्हर पंप करून धरायचा आणि दुसऱ्याने निपल उघडायचे, ती जशीच्या तशी सायकलीला लावू नका. मोटारसायकलीची टाकी वरून उघडून तेल ओतत राहता येते. सायकलीच्या बहुतेक लिव्हरमध्ये टाकी बंद असते आणि आत रबरी पडदा असतो, त्यामुळे वरून तेल मिळाले नाही तर दोन-चार दाबांतच आत हवा ओढली जाते. शेवटची सूचना अशी की, ‘स्रॅम म्हणजे डॉट’ हे समीकरण आता पूर्ण खरे राहिलेले नाही. त्यांचे डीबी ८ आणि मेव्हन हे ब्रेक मिनरल ऑइलवर चालतात. लिव्हरवर छापलेले नाव वाचूनच बाटली उघडावी.


प्रश्नकर्ता – यवतेश्वर_चढ (सातारा)

सर्वांचे मनापासून आभार. भावाच्या सायकलीचे काम पुढे ढकलतो आणि आधी शिमानोपुरते साहित्य घेतो. अडचण एकच उरली आहे. माझ्याकडे सायकल टांगायचा स्टँड नाही, आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो आणि काम गॅलरीतच करावे लागेल. सायकल भिंतीला टेकवून चालेल का? मागच्या ब्रेकची नळी फ्रेमच्या आतून जाते, त्यामुळे हवा मध्येच कुठेतरी अडकेल अशीही भीती वाटते.


उत्तर – आटे_आणि_नट (पुणे)

स्टँड घेण्याची गरज नाही. हवा वर जाते एवढेच तत्त्व आहे, तेव्हा कॅलिपरपासून लिव्हरपर्यंत नळीचा रस्ता शक्य तितका चढता राहील अशी सायकल ठेवली की झाले. मागच्या ब्रेकसाठी पुढचे चाक उंच हवे. गॅलरीच्या छताला कपड्यांच्या दोरीचा हूक असेल तर स्टेम (हँडल धरून ठेवणारा भाग) दोरीने त्याला बांधून पुढचा भाग उचलून घ्या. हूक मजबूत असल्याची खात्री आधी करा. कॅलिपर फ्रेमवर ज्या कोनात बसवला आहे त्यामुळे त्याचे निपल खालच्या बाजूला आले, तर त्याचे दोन बोल्ट काढून तो हातात घ्या आणि निपल वर राहील असा दोरीने लोंबता ठेवा. फ्रेमच्या आतून गेलेल्या नळीवर टिचक्या मारता येत नाहीत, म्हणून त्या जागी फ्रेमच्या नळीवर तळहाताने थापट्या मारायच्या.

यावरून एक गोष्ट सुचते. तुमच्या ब्रेकमध्ये थोडीच हवा असेल आणि तेल फार काळे झाले नसेल, तर सिरिंज घेण्याआधी केवळ नरसाळे आणि अडीचची एलन-की एवढ्यावर प्रयत्न करून पाहा. पुढचे चाक वर ठेवून लिव्हर रबर बँडने मुठीला आवळून बांधा आणि रात्रभर तसाच राहू द्या. सकाळी सोडून, लिव्हर आडवा करून त्यावर नरसाळे बसवा, तेल घाला आणि लिव्हर हळूहळू दाबत राहा. रात्रीतून वर सरकलेले बुडबुडे बहुधा तिथेच बाहेर पडतात. यानेही लिव्हर मऊच राहिला तर सिरिंजचे पूर्ण काम करावे.

पॅड आणि डिस्क मात्र पहिल्या क्षणापासून दूर, दुसऱ्या खोलीत ठेवा. तेलाचे बोट लागलेले रेझिनचे पॅड सहसा वाचत नाहीत. ते रॉकेल किंवा पेट्रोलने पुसले तर उलट त्यांवर तेलकट थर राहतो. डिस्कला चुकून तेल लागले तर ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने आणि स्वच्छ चिंधीने पुसावी आणि प्रत्येक पुसण्याला चिंधीची नवी बाजू घ्यावी. वापरलेले तेल गटारात न ओतता बाटलीत भरून गॅरेजवाल्याला द्यावे. त्यांच्याकडे जुने ऑइल जमा होतच असते.

सगळे जोडून झाल्यावर निपलभोवती आणि लिव्हरवरच्या स्क्रूभोवती अल्कोहोलने स्वच्छ पुसा, तिथे वर्तमानपत्राचा कोरडा तुकडा गुंडाळा आणि लिव्हर पूर्ण ताकदीने दाबून पंधरा-वीस सेकंद धरून ठेवा. कागदावर डाग पडला नाही आणि लिव्हर हातात खाली सरकला नाही, तर सांधे घट्ट आहेत. मग खाली सपाट रस्त्यावर जोरात ब्रेक लावून पाहा. घाटात जाण्याआधी एक रात्र मध्ये जाऊ द्या आणि सकाळी पहिल्याच दाबाला लिव्हर आदल्या दिवशी थांबला होता तिथेच थांबतो का, हे तपासून घ्या.